फी माफ झाली, रियाज घरावरच राहिला: पुण्यातील एका कलाशिक्षण केंद्राचे प्रकरण

मार्च २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात, देणगीदार कंपनीला पाठवायच्या वार्षिक अहवालासाठी आकडे जुळवत असताना केंद्राच्या दोन नोंदवह्यांतील तफावत माझ्या लक्षात आली. प्रवेशवहीनुसार त्या वर्षी शुल्कमाफी मिळालेल्या मुलांची संख्या ४७ होती. प्रत्येक वर्गाचे शिक्षक तासाला भरतात तो हजेरीपट मात्र वेगळेच सांगत होता: जून २०२२ मध्ये शुल्कमाफीवर दाखल झालेल्या ३२ मुलांपैकी मार्चमध्ये प्रत्यक्ष वर्गाला येणारी १३ उरली होती. मधल्या काळात आणखी १५ मुले दाखल झाली होती आणि त्यांच्या नावांमुळे आधीची गळती झाकली गेली होती. कोणी काही जाणूनबुजून लपवले होते असे नाही. अहवालाच्या नमुन्यात ‘लाभार्थी संख्या’ हा एकच रकाना होता, आणि तो भरताना आलेली मुले मोजायची की टिकलेली, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नव्हता. त्याच वर्गांतील पूर्ण फी भरणाऱ्या मुलांपैकी वर्षभरात सोडून गेलेली मुले बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांपैकी बहुतेकांचे घर बदलले होते.

मी त्या वेळी या केंद्राच्या कार्यकारी समितीची सदस्य होते. पुढे जे लिहिले आहे ते हजेरीपट, समितीच्या सभांचे इतिवृत्त आणि सोडून गेलेल्या मुलांच्या घरी केलेल्या भेटी यांवर आधारलेले आहे. केंद्राचे, मुलांचे व शिक्षकांचे नाव मी दिलेले नाही.

केंद्राची घडण

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर तीन खोल्या आणि एक लांब व्हरांडा एवढ्या जागेत हे केंद्र चालते. महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या संस्थांप्रमाणे त्याची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशी दुहेरी आहे. सहा ते सतरा वर्षांच्या मुलांना तेथे चित्रकला, तबला, गायन, कथक आणि नाट्य शिकवले जाते. प्रत्येक विषयाचे आठवड्याला दोन तास असतात आणि शिक्षक मानधनावर काम करतात. तबला व गायनाची मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांना बसतात, तर चित्रकलेची मुले आपापल्या शाळांतून कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा देतात.

अनेक वर्षे येथे येणारी मुले आसपासच्या पेठांतील आणि टिळक रस्त्यावरील सोसायट्यांमधील होती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा फुटला आणि पाणी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील घरांमध्ये शिरले, तेव्हा आमचे काही पालक व मोठे विद्यार्थी वह्या-दप्तरे वाटण्यासाठी तिकडे गेले. ओळखी तेव्हा झाल्या. पुढे सुट्ट्यांतील चित्रकलेची शिबिरे झाली, मग करोनाचा खंड पडला, आणि जून २०२२ पासून दांडेकर पूल व पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहत या भागांतील मुलांना नियमित वर्गांत पूर्ण शुल्कमाफीवर प्रवेश देण्याचा ठराव समितीने केला. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांत मी होते आणि आजही तो ठराव योग्यच होता असे मी मानते.

या मुलांच्या शाळांत कला कितपत पोहोचते हेही सांगितले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले आहे, परंतु ते शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांपुरतेच. जिथे असा निदेशक आहे तिथेही एका माणसाकडे सगळ्या तुकड्या असतात. आमच्याकडे आलेल्या मुलांपैकी कित्येकांनी ओला रंग पहिल्यांदा आमच्या व्हरांड्यात हाताळला. त्यामुळे शहरात कलेचे वर्ग भरपूर आहेत, फक्त फी आडवी येते, ही आमची समजूत होती. या समजुतीतील अर्धा भाग चुकीचा निघाला.

माफीचा अर्ज

गळती प्रवेशाच्या आधीच सुरू झाली होती, हे आम्हाला नंतर कळले. शुल्कमाफीसाठी आम्ही तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला मागत होतो. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव खाटांची योजना आहे आणि तेथे उत्पन्नाची कागदपत्रे लागतात. आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर काम केलेले होते व तीच पद्धत त्यांनी सद्भावनेने इकडे आणली होती. पण दाखल्यासाठी फेऱ्या घालायच्या म्हणजे आईचा किंवा वडिलांचा कामावर खाडा. जिचे चार घरी पोळ्यांचे काम आहे तिचे त्या दिवसाचे पैसे जातात आणि चारही घरची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. लेखापरीक्षकांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की त्यांना पाहायचे असते ते इतकेच: सवलत कोणत्या ठरावाने दिली, कोणाला दिली आणि तिची नोंद कुठे आहे. दाखल्याची अट आमची आम्हीच घातलेली होती.

एका आईने ‘माफी’ या शब्दाबद्दलच तक्रार केली. ती म्हणाली, “ताई, माफी कशाची? आम्ही काही गुन्हा केलाय का? फुकट नको आम्हाला. पण तीन महिन्यांचं एकदम भरा म्हणता तेव्हा हातात नसतं. महिन्याला सांगा, देते.” आमची फी तिमाही होती. ती मासिक असावी असे कोणी सुचवलेच नव्हते, कारण समितीतील आम्हा सगळ्यांना तिमाही भरणे सोयीचे वाटत होते.

डब्यावरचा तबला

सोडून गेलेल्या १९ मुलांपैकी ज्यांची घरे सापडली त्यांच्याकडे मी आणि चित्रकलेच्या शिक्षिका एप्रिल व मे महिन्यांत गेलो. या भेटींपैकी एक मी जरा सविस्तर सांगते, कारण सबंध प्रकरणाची किल्ली तिच्यात होती.

हा मुलगा बारा वर्षांचा. जूनमध्ये तबल्याच्या वर्गात आला तेव्हा गुरुजींनी पहिल्याच महिन्यात त्याच्याबद्दल कौतुकाने सांगितले होते. ताल त्याच्या अंगात होता, तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरून तो ठेका न चुकता म्हणत असे. दिवाळीनंतर हजेरीपटाच्या शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या नावासमोर ‘रियाज नाही’ असे शब्द येऊ लागले. जानेवारीत तेच शब्द, फेब्रुवारीत तेच. प्रारंभिक परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही हे शिक्षक ठरवतात. त्याचा अर्ज भरला गेला नाही. सलग तीन तास गैरहजर राहिल्यावर नाव कमी करण्याचा आमचा नियम होता. त्यानुसार त्याचे नाव कमी झाले.

घर म्हणजे दहा बाय दहाची एक खोली. वडील एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन, त्यामुळे दिवसा घरी झोपलेले. भिंतीला भिंत लागून शेजारच्या घरात एक आजारी आजी. तबला घरात नव्हताच, आणि असता तरी तो वाजवायची वेळ चोवीस तासांत कुठे होती? मुलाने तरीही मार्ग काढला होता. शाळेतून आल्यावर तो कालव्याच्या बाजूला जाऊन तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर वाजवत असे. त्याने तो डबा आणून आम्हाला दाखवला. बोटे जिथे पडत तिथला रंग उडालेला होता.

गुरुजींना ही हकिकत सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मला आधी ठाऊक नव्हते. तबल्यावर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकेच टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर (काठाच्या चामड्याच्या पट्टीवर) पडून लगेच सुटते. ती सुटली तरच नाद उमटतो. डग्ग्यावर ‘घे’ काढताना मनगट पुडीवर (ताणलेल्या चामड्यावर) टेकवून त्याचा दाब कमी-जास्त करावा लागतो, तेव्हा त्यात घुमारा येतो. पत्र्याच्या डब्याला चाट नाही, लव (चाट व शाई यांमधला भाग) नाही, शाई नाही. कुठेही मारले तरी एकच आवाज येतो, आणि तो मोठा यावा म्हणून मूल बोटे दाबून मारू लागते. अशाने हात जड होतो. म्हणजे हा मुलगा रोज तासभर रियाज करत होता आणि त्या रियाजानेच त्याचा हात बिघडत होता. वर्गात आल्यावर गुरुजींना बिघडलेला हात दिसे, आणि त्याचा एकच अर्थ त्यांच्या अनुभवात बसत होता: घरी वाजवत नाही. “माझ्या गुरूंनी मला हेच विचारलं असतं, आणि माझ्या बाबतीत ते खरं असतं,” असे ते म्हणाले.

दुसऱ्या घरांत तपशील वेगळे होते, पण घाट हाच होता. चित्रकलेच्या वर्गातील एका मुलीचे वर्गात केलेले काम नीटनेटके असे आणि घरून आणलेले काम चुरगळलेले, ओघळ आलेले. घरी कार्ट्रिज कागद सपाट ठेवायला जागा नव्हती. ती गुडघ्यावर पाटी घेऊन रंगवत असे आणि कागद वाळेपर्यंत तो धाकट्या भावाच्या हातून सुरक्षित ठेवणे तिला जमत नसे. शेरा होता ‘स्वच्छता नाही’. गायनाच्या वर्गातील एक मुलगा घरी मोठ्याने गाऊ शकत नव्हता. कथकच्या दोन बहिणी पत्र्याच्या माळ्यावर राहत होत्या; तत्कार, म्हणजे पायांचे काम, सुरू केला की खालच्या बिऱ्हाडातून ओरडा येई, आणि घुंगरांचा तर प्रश्नच नव्हता.

घर हा वर्गाचा न दिसणारा भाग

या भेटींनंतर जे मला कळले ते असे. आठवड्याला दोन तासांचा वर्ग ही कलाशिक्षणाची जी रीत पुण्याने पिढ्यान्पिढ्या चालवली, तिचा मोठा भाग वर्गाबाहेर घडतो, आणि तो घडवण्याची जबाबदारी घराने न सांगता उचललेली असते. स्वतंत्र खोली नसली तरी एखादा कोपरा, एक पेटी, तबल्याची जोडी, ‘वाजव रे’ म्हणणारी आई, आवाज सहन करणारे शेजारी. आम्ही फी माफ केली ती वर्गाची. उरलेला भाग जसाच्या तसा घरावर राहिला, आणि तो ज्या घरांना पेलणार नव्हता त्या घरच्या मुलांना आम्ही आळशी ठरवले.

ही रीत नेहमीच अशी नव्हती. गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्या शिष्याचा रियाज गुरूच्या छपराखालीच होत असे. विष्णू दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तेव्हा त्यांनी गाणे उस्तादांच्या घरांतून बाहेर काढून वेळापत्रक, वर्ग, स्वरलेखन आणि परीक्षा यांच्या चौकटीत आणले, असे आपण नेहमी सांगतो. परंतु त्याच महाविद्यालयात ‘उपदेशक वर्ग’, म्हणजे संगीताचे शिक्षक-प्रचारक तयार करणारा वर्ग, होता आणि त्यातील विद्यार्थी विद्यालयातच राहत, तेथेच जेवत आणि तेथेच गात, हे सांगायचे राहून जाते. हा खर्च देणग्यांतून आणि जलशांतून उभा करावा लागे. पुढे महाविद्यालयाची मुंबईतील इमारत कर्जापायी हातची गेली. त्या परंपरेत तयार झालेल्या विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. त्याआधी १९११ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज स्थापन केला होता, आणि १९४७ मध्ये रोहिणीताई भाट्यांनी नृत्यभारती सुरू केली. या संस्थांनी कला मध्यमवर्गाच्या मुलामुलींना खुली केली, ही फार मोठी गोष्ट होती. आमच्यासारख्या लहान केंद्रांनी त्यांच्याकडून वर्ग घेतला, परीक्षा घेतल्या, वेळापत्रक घेतले. छपराखालचा रियाज घेतला नाही, कारण आमच्या पहिल्या विद्यार्थ्यांना त्याची गरज नव्हती.

तेरा-चौदा वर्षांच्या मुली

मुलींच्या गळतीला आणखी एक कारण होते. सोडून गेलेल्या मुलींपैकी बहुतेक तेरा-चौदा वर्षांच्या होत्या आणि त्या साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान गेल्या होत्या. स्नेहसंमेलनाच्या तालमी याच काळात असतात. नाट्यवर्गाचे शिक्षक दिवसा नोकरी करतात, म्हणून तालमी सायंकाळी सात ते नऊ. या वयाच्या मुलीला रात्री नऊनंतर दांडेकर पुलापर्यंत चालत येऊ देणार नाही, असे तिचे आईवडील म्हणाले तर त्यात चूक काय? शिवाय आई कामावरून येईपर्यंत धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे आणि भाताचा कुकर लावणे ही कामे तिच्याकडे होती. तालमींना न येणाऱ्यांना भूमिका मिळाल्या नाहीत. भूमिका न मिळालेल्या मुली जानेवारीपासून वर्गालाही येईनाशा झाल्या. आमच्या शिक्षकांनी कोणाशीही भेदभाव केला नव्हता. वेळापत्रकाने तो आधीच केलेला होता.

या पुण्यात थिएटर अकॅडमीने १९८० च्या दशकात मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची रीत आणली, मुलांच्या रोजच्या जगण्यातील प्रश्न रंगमंचावर यावेत म्हणून. आमचे नाट्यशिक्षक त्याच विचाराचे आहेत. ज्यांचे प्रश्न सर्वांत निकडीचे होते त्या मुलीच तालमीत नव्हत्या, हे त्यांना दाखवून दिले तेव्हा सर्वांत अधिक दुःख त्यांनाच झाले.

समितीतील मतभेद

जून २०२३ ची सभा साडेतीन तास चालली. एक मत असे होते की ही सर्व कारणे खरी असली तरी ती समाजाची आहेत, केंद्राची नाहीत. आपण कला शिकवतो, घरे बांधत नाही. हे मत मांडणारे सदस्य कठोर नव्हते. केंद्राची शिल्लक किती तुटपुंजी आहे हे खजिनदार या नात्याने त्यांना इतरांपेक्षा नीट माहीत होते. दुसरे मत असे की वस्तीतील मुलांसाठी वस्तीतच वेगळा वर्ग काढावा. जाण्यायेण्याचा प्रश्न सुटेल. या मताला मी विरोध केला. वस्तीत वर्ग जरूर व्हावेत, पण ते आमच्या वर्गाऐवजी झाले तर दोन वर्षांत इकडे जोडी, पेटी आणि परीक्षा राहील आणि तिकडे शिबिर व प्रमाणपत्र, अशी वाटणी होईल, याची मला खात्री वाटत होती. मुले एकाच वर्गात एकमेकांचे ऐकून शिकतात. तबल्याच्या वर्गात पेठेतील मुलाने उचललेला ‘कायदा’ (तबल्यावरची बोलांची रचना) आणि डब्यावर वाजवणाऱ्या मुलाची लयीची पकड या दोन्ही गोष्टी एकाच सतरंजीवर होत्या, आणि गुरुजींच्या मते दोघांनाही एकमेकांचा उपयोग होत होता.

शेवटी निर्णय झाला तो खर्चाच्या बाजूने विचार करूनच. वाड्यातील तिसरी खोली दिवसातील बराच वेळ रिकामी होती. वाद्ये कपाटात बंद होती. त्यामुळे ‘रियाजाची खोली’ उघडण्यासाठी नवी जागा नको होती. हवे होते ते खोली उघडून तेथे बसणारे विश्वासाचे माणूस.

काय बदलले

ऑगस्ट २०२३ पासून ती खोली रोज दुपारी चार ते सायंकाळी साडेसहा आणि रविवारी सकाळी उघडी असते. तबल्याच्या जोड्या, दोन पेट्या, चित्रांसाठी उंच पाट आणि ओले कागद वाळत घालायला दोरी, इतकाच सरंजाम. विशारद या वरच्या परीक्षेच्या तयारीत असलेले दोन मोठे विद्यार्थी मानधनावर आळीपाळीने तेथे बसतात व हात चुकत असेल तर टोकतात. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न समितीत आग्रहाने मांडला गेला आणि ते योग्यच झाले. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे, पण त्या आधीची काळजी संस्थेने घ्यायची असते. म्हणून खोलीचे दार उघडेच राहते, एका वेळी दोन प्रौढ व्यक्ती आवारात असल्याशिवाय खोली उघडत नाही, आणि प्रत्येक मुलाच्या येण्याजाण्याची वेळ वहीत लिहिली जाते. कधी कधी दोन प्रौढांची सोय होत नाही आणि खोली बंद ठेवावी लागते. मुले तेव्हा हिरमुसून परत जातात, तरी या नियमात आम्ही सवलत दिलेली नाही.

फीबाबत दाखल्याची अट काढली. पालकांनी तीन दरांपैकी आपल्याला झेपेल तो निवडायचा, मासिक भरायचा, आणि शून्यही निवडता येते. शून्य निवडणारे अपेक्षेपेक्षा कमी निघाले. जास्त देऊ इच्छिणाऱ्या पालकांना हिशेबनिसांनी स्पष्ट सांगितले की फी ही फीच. तिच्यावर प्राप्तिकराच्या ८०जी कलमाची, म्हणजे देणगीवरील करसवलतीची, पावती मिळणार नाही, देणगी द्यायची असल्यास ती वेगळी द्यावी. काहींनी तशी दिलीही.

तालमी साडेसहाला संपवायच्या असे ठरले, आणि नाट्यशिक्षकांना ते जमेना. त्या वर्षीचे नाटक लहान झाले, तालमी रविवारी सकाळी झाल्या, आणि पूर्वीपासून येणाऱ्या काही पालकांनी प्रयोग पूर्वीइतका रंगला नाही अशी तक्रार केली. तक्रार खरी होती. परंतु त्या प्रयोगात सातजणी अशा होत्या की ज्या आधीच्या वर्षी प्रेक्षकांतही नव्हत्या.

सर्वांत परिणामकारक बदलाला एक पैसाही लागला नाही. “धाकट्याला घेऊन ये,” एवढेच मुलींना सांगितले. व्हरांड्यात एक चटई, पाठकोरे कागद आणि खडू ठेवले. कथकच्या वर्गाला येणाऱ्या मुलींबरोबर चार-पाच लहान भावंडे येऊ लागली, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला पेठेतील एक निवृत्त शिक्षिका आपणहून बसू लागल्या. इतकी साधी गोष्ट सुचायला आम्हाला एक वर्ष आणि १९ मुले गमवावी लागली, ही खंत मला आहे.

शेऱ्याचा रकानाही बदलला. ‘रियाज नाही’ असे लिहिण्याआधी शिक्षकांनी ‘रियाज कुठे करतोस?’ हे विचारायचे आणि उत्तर लिहायचे. या एका प्रश्नातून आम्हाला मुलांच्या घरांबद्दल जितके कळले तितके कोणत्याही अर्जातून कळले नव्हते.

देणगीदाराचा रकाना

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ आणि त्याची सातवी अनुसूची यांमुळे शिक्षण व कला या दोन्ही कामांना कंपन्यांचा सामाजिक निधी मिळू शकतो, आणि आमच्यासारख्या केंद्रांचा बराच भार त्यावर आहे. पुढच्या अहवालात आम्ही दाखल झालेल्या आणि वर्षअखेर टिकलेल्या मुलांचे आकडे वेगवेगळे दिले व आधीच्या वर्षीचा आकडाही तसाच फोडून दाखवला. कंपनीच्या अधिकारीबाईंनी फोन करून विचारले की काम वाढले असताना संख्या कमी का झाली. त्यांना रियाजाची खोली पाहायला बोलावले. त्या आल्या, व्हरांड्यात तासभर बसल्या, आणि निधी तेवढाच पुढे चालू राहिला, वाढला नाही. खोलीवर बसणाऱ्यांचे मानधन आम्हाला इतर देणग्यांतून भागवावे लागते.

जे सुटलेले नाही

डब्यावर वाजवणारा मुलगा परत आला. जड झालेला हात हलका करणे नव्याने शिकवण्यापेक्षा अवघड असते. गुरुजींनी त्याला चार महिने फक्त ‘ना’ आणि ‘घे’ वाजवायला लावले आणि त्याने ते वाजवले. त्याच्याखेरीज आम्ही ज्यांना शोधत गेलो ती सगळी आली नाहीत. काहींची घरे बदलली होती, काहींना आता नको होते, आणि एका वडिलांनी दारातच सांगितले की पोरीचे नाव तुम्ही एकदा कापले आहे, आता पुन्हा नाही. त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

किशोरवयीन मुले जुलै ते सप्टेंबर दिसेनाशी होतात, कारण ती ढोल-ताशा पथकांच्या सरावाला मुठेकाठी जातात. समितीत काहींना हा कलेचा शत्रू वाटतो आणि ताशाने तबल्याचा हात बिघडतो असे गुरुजीही म्हणतात. मला त्यात दुसरेही काही दिसते. पथकात त्या मुलाला वाद्य मिळते, वाजवायला मोकळी जागा मिळते, रात्री घरी सोडायला सोबत मिळते आणि गल्लीत मान मिळतो. आम्ही एका वर्षात जे कष्टाने जमवले ते सगळे पथक त्याला पहिल्याच आठवड्यात देते. तूर्त आम्ही या मुलांची नावे कमी करत नाही, अनंत चतुर्दशीपर्यंत त्यांची रजा लिहितो. त्यांच्यातील निम्मी परत येतात. परत आलेल्यांना वर्गाची गती गाठून देण्यासाठी वेगळे तास घ्यावेत की नाही यावर एकमत झालेले नाही.

दहावी हा दुसरा अडसर. शास्त्रीय कला, लोककला, नाट्य आणि चित्रकलेतील प्रावीण्यासाठी दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पेठेतील पालक नववीपर्यंत मुलांना आग्रहाने पाठवतात आणि गुणांची नोंद झाली की थांबवतात. वस्तीतील मुले मात्र त्याच सुमारास कामाला लागतात. सुट्टीच्या दिवशी कुरिअरचे वाटप करणारा आमचा एक पंधरा वर्षांचा विद्यार्थी रविवारची खोली गाठू शकत नाही, म्हणून त्याने विचारले आहे की सकाळी सहा वाजता खोली उघडता येईल का. वाड्यातील भाडेकरूंचा त्या वेळेच्या आवाजाला विरोध आहे, आणि त्यांचे म्हणणे गैर नाही. सहाला फक्त चित्रे आणि पढंत (बोल तोंडाने म्हणणे), वाद्ये सातनंतर, असा मधला मार्ग गुरुजींनी सुचवला आहे. किल्ली कोणाकडे द्यायची आणि त्या वेळी दुसरी प्रौढ व्यक्ती कोण असेल, हे दोन मुद्दे पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतले आहेत.